अल्पपरिचित वाइन द्राक्षांची लागवड (महाराष्ट्र)

कॅबर्ने सॉव्हिन्याँ, शिराझ, शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ या चार प्रचलित जातींनी महाराष्ट्रातील वाइन द्राक्षांच्या बागांचा मोठा भाग व्यापलेला आहे. त्यांच्याखेरीज टेंप्रानियो, सांजोव्हेसे, माल्बेक, व्हिओनिये, ग्रेनाश, नेरो दाव्होला, ग्रिलो, रीसलिंग अशा अल्पपरिचित जातींची लागवडही राज्यात लहान प्रमाणावर होते. या जातींची निवड कोणत्या तत्त्वावर होते, युरोपातील थंड प्रदेशांसाठी तयार झालेल्या जाती येथे सहज का रुळत नाहीत आणि राज्यातील उंच व थंड भागांत, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात, अशा लागवडीपुढे कोणत्या अडचणी येतात, हे प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

थंड प्रदेशाची व्याख्या

द्राक्षवेलीची वाढ साधारणपणे १० अंश सेल्सिअसच्या वर सुरू होते, असे मानले जाते. दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करून उरणारे अंश संपूर्ण हंगामभर मिळवत गेल्यास त्या प्रदेशाच्या उष्णतेचा एक आकडा हाती येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अमेरिन आणि विंकलर या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये याच हिशेबावर द्राक्षप्रदेशांचे पाच वर्ग पाडले. त्यांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत थंड वर्गाची मर्यादा सुमारे १,३९० अंश-दिवस इतकी आहे. जर्मनीतील ऱ्हाइनचे खोरे, फ्रान्समधील शॅम्पेन आणि अलीकडे इंग्लंडचा दक्षिण भाग हे या वर्गातील प्रदेश होत.

अशा प्रदेशांत उन्हाळा लहान असतो. फळ लवकर पिकले नाही तर शरद ऋतूतील पाऊस आणि गारठा त्याला गाठतात. म्हणून तेथील संशोधकांनी लवकर पिकणाऱ्या जाती हेतुपुरस्सर तयार केल्या. हेर्मान म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये जर्मनीतील गायझनहाइम येथे तयार केलेली म्युलर-थुर्गाउ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जात होय. ती रीसलिंग आणि सिल्व्हानर यांचा संकर आहे, असा समज अनेक दशके रूढ होता. पुढे जनुकीय तपासणीत तिचे दुसरे पालकत्व मादलेन रॉयाल या जातीकडे असल्याचे दिसून आले. फ्रायबुर्ग येथील संस्थेने १९७५ मध्ये तयार केलेल्या सोलारिस या जातीत अमूर नदीच्या खोऱ्यातील रानद्राक्षाचा अंश असून ती बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये प्रसृत केलेली फ्रंटेनॅक ही जात तर विश्रांतीच्या अवस्थेत उणे ३० अंशांच्या आसपासची थंडी सोसते.

येथे ‘विश्रांतीच्या अवस्थेत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. थंड प्रदेशातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी गेलेली असते आणि तिची सारी सहनशक्ती त्या झोपेतच असते.

महाराष्ट्रातील उलटे वेळापत्रक

महाराष्ट्रात वेल झोपत नाही. तिला शेतकरी दोनदा छाटून जागे ठेवतो. पहिली खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. या छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात त्या काड्यांवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. पुढील हंगामात घड किती लागतील, हे बव्हंशी त्याच वेळी ठरून जाते. दुसरी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते. तिला गोडी छाटणी किंवा फळछाटणी म्हणतात. या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करावे लागते, कारण कडाक्याच्या थंडीने मिळणारी नैसर्गिक जाग येथे उपलब्ध नसते. फळ जानेवारीपासून मार्चपर्यंत काढले जाते.

या वेळापत्रकाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. युरोपात फळ पिकू लागते तेव्हा ऋतू गारठ्याकडे चाललेला असतो; महाराष्ट्रात तो उन्हाळ्याकडे चाललेला असतो. मण्यांत पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत ऱ्हाइनकाठी रात्री उत्तरोत्तर थंड होत जातात, तर दिंडोरीत दिवस उत्तरोत्तर तापत जातात. उष्णतेत मण्यातील मॅलिक आम्ल वेगाने जळते, साखर झपाट्याने चढते आणि काळ्या जातींच्या सालीत रंग नीट भरत नाही. आम्ल कमी व साखर जास्त अशा रसाची वाइन चवीला बोथट आणि अल्कोहोलने जड होते.

म्हणजे लवकर पिकणारी जात दोन्हीकडे हवीशी आहे, परंतु कारणे विरुद्ध आहेत. तिकडे ती थंडीच्या आधी घरात यावी म्हणून हवी असते, इकडे उन्हाच्या आधी. यावरून थंड प्रदेशातील लवकर पिकणाऱ्या जाती येथे आणून लावल्या की काम भागेल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो बरोबर नाही. त्या जातींची घाई ही थोड्या उष्णतेत भागवून घेण्याची सवय आहे. भरपूर उष्णता मिळाली की साखर फार लवकर तयार होते आणि सुगंध मागे राहतो. येथे खरी गरज आहे ती उष्णतेतही आम्ल टिकवून धरणाऱ्या जातींची. अशा जाती जर्मनीपेक्षा सिसिली, मध्य स्पेन आणि ग्रीस या तापट प्रदेशांत अधिक सापडतात.

काही जाती

शेनिन ब्लाँ ही मूळची फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील जात. उन्हातही तिचे आम्ल टिकते, म्हणूनच ती नाशिक भागात इतकी पसरली आणि आज अल्पपरिचित राहिलेली नाही. एखादी जात अनोळखी असताना तिच्यावर भरवसा ठेवणे कसे फळाला येऊ शकते, याचे ते उदाहरण आहे.

टेंप्रानियो ही स्पेनमधील प्रमुख काळी जात. तिचे नाव ‘लवकर’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे. ती खरोखरच इतर काळ्या जातींच्या आधी पिकते आणि मार्चच्या उन्हातून सुटते. मात्र तिचे आम्ल मुळातच कमी असल्याने काढणीचा दिवस चुकवून चालत नाही. दिंडोरी तालुक्यातील चारोसा या वाइनरीने या जातीची वाइन बाजारात आणली होती. इटलीतील तोस्काना प्रांताची सांजोव्हेसे ही जात सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात फ्रातेल्ली या कंपनीने लावली. ती टेंप्रानियोच्या उलट स्वभावाची, म्हणजे उशिरा पिकणारी आणि आम्ल राखणारी आहे. सिसिलीच्या नेरो दाव्होला व ग्रिलो या जाती निफाड तालुक्यातील रेव्हेलो या वाइनरीने घेतल्या. मूळ प्रदेशाचे हवामान पाहता ही निवड सर्वांत तर्कशुद्ध वाटते. इगतपुरी भागातील व्हॅलोने या लहान वाइनरीने माल्बेक आणि व्हिओनिये या जातींकडे लक्ष दिले.

पिनो न्वार ही थंड प्रदेशातील नामांकित जात महाराष्ट्रात आली ती फसफसणाऱ्या वाइनच्या निमित्ताने. नारायणगाव येथे १९८० च्या दशकात शॅम्पेन पद्धतीची वाइन तयार होऊ लागली, तेव्हापासून तिचा संबंध येथे आहे. फसफसणाऱ्या वाइनसाठी फळ अपक्व, आंबट असतानाच काढतात. त्यामुळे उष्णतेने होणारे नुकसान टळते. थंड प्रदेशातील जातीचा उष्ण प्रदेशात उपयोग करून घेण्याचा हा एक शहाणपणाचा मार्ग होय.

या सर्व जाती स्वतःच्या मुळांवर सहसा लावल्या जात नाहीत. क्षारयुक्त पाणी आणि पाण्याचा ताण सोसणाऱ्या डॉगरीज, ११०-आर अशा खुंटांवर त्यांचे कलम केले जाते. डॉगरीज वेलीला जोमदार वाढवतो. खाण्याच्या द्राक्षाला ते मानवते, पण वाइनच्या बागेत पानोळा वाढून घड सावलीत जातात. म्हणून जात निवडण्याइतकेच महत्त्व खुंट निवडण्याला आहे.

पाऊस आणि रोग

उत्तर युरोपातील संकरित जातींकडे पाहताना त्यांच्या थंडी सोसण्याच्या गुणाचे कौतुक अधिक होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचा रोगप्रतिकाराचा गुण अधिक मोलाचा आहे. फळछाटणीनंतर परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की केवडा कोवळ्या घडांवर तुटून पडतो. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाबरोबर आलेल्या पावसाने द्राक्षबागांची मोठी हानी केली होती. कोरड्या थंडीत भुरीचा उपद्रव वाढतो, तो वेगळाच.

रोगप्रतिकारक जातींचे काम येथेही झाले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटावबा ही अमेरिकन वंशाची जात आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात विकसित केली. ती ११० ते १२० दिवसांत तयार होते, बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी तोंड देते आणि रस, जॅम व लाल वाइन यांसाठी उपयोगी पडते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची स्थापना १९९७ मध्ये झाली. या केंद्राने रसासाठी मांजरी मेडिका ही गडद रंगाची जात दिली असून देशी-विदेशी जातींचा संग्रहही तेथे जोपासला जातो. परदेशी नावांच्या झगमगाटात या जातींची चर्चा कमी होते. एकाच पिकाला वाइन आणि रस असे दोन बाजार मिळणे ही लहान शेतकऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

एकाच गिऱ्हाइकाचे पीक

खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर ते दुसऱ्या बाजारात पाठवता येते किंवा त्याचा बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक मण्याचे, जाड सालीचे आणि बियांचे असते. ते हातगाडीवर विकले जात नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. ते फक्त वाइनरी घेते. जात अल्पपरिचित असेल तर ती लावायला सांगणारी वाइनरी हेच बहुधा तिचे एकमेव गिऱ्हाईक असते.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर (नाशिक) आणि पलूस (सांगली) येथे वाइन पार्क उभारण्यात आले. अनेक शेतकऱ्यांनी खाण्याच्या जाती काढून वाइनच्या जाती लावल्या. २००८ मधील जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला, वाइनचे साठे पडून राहिले आणि कंपन्यांनी खरेदी आखडती घेतली. पुढील दोन-तीन वर्षांत कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. द्राक्षबागेला पूर्ण उत्पन्न देण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. मांडव, तारा, ठिबक आणि कलमे यांचा खर्च आधीच झालेला असतो. बाग तोडणे म्हणजे त्या तीन वर्षांवर कुऱ्हाड चालवणे. नव्या जातीचा विचार करताना हवामानाआधी हा इतिहास पाहिला पाहिजे.

नंदुरबार आणि सातपुडा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्याची ओळख द्राक्षांसाठी नाही. तापीच्या खोऱ्यातील नंदुरबार, शहादा, तळोदा हे तालुके मिरची, कापूस, ऊस, केळी आणि पपई यांसाठी ओळखले जातात. तेथे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. परंतु उत्तरेकडील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत सातपुडा एकदम उंचावतो. अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरीचे पीक घेतात. स्ट्रॉबेरी येते तर थंड हवेचे द्राक्ष का येऊ नये, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक ठरतो.

प्रथम कागदावरचा हिशेब पाहू. दर १,००० मीटर उंचीला तापमान ढोबळपणे साडेसहा अंशांनी उतरते. नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर आहे. म्हणजे तोरणमाळ त्याहून साधारण साडेतीन अंशांनी थंड असायला हवे. नाशिककडील फळहंगामाची सरासरी २२ अंश धरली, तर १५० दिवसांचे १,८०० अंश-दिवस होतात. तोरणमाळसाठी साडेअठरा अंश धरल्यास हाच आकडा १,२७५ वर येतो. आकड्यापुरते पाहिले तर सातपुड्याचे पठार ऱ्हाइनच्या पंक्तीला जाऊन बसते. म्युलर-थुर्गाउ किंवा सोलारिस लावण्याचा विचार येथूनच सुचतो.

हा हिशेब दोन ठिकाणी फसवा आहे. विंकलरची बेरीज एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांची असते आणि त्या काळात युरोपातील वेल जागी असते. महाराष्ट्रातील वेल फळावर असते ती नेमकी हिवाळ्यात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सातपुड्यात डाब, वालंबा आणि तोरणमाळ परिसरात कडक थंडीच्या रात्री दव गोठते. सकाळी गवतावर आणि वाहनांवर बर्फाचा पातळ थर दिसतो. युरोपीय वेलीच्या झोपलेल्या काड्या उणे १५ अंशांच्या आसपासची थंडीही बहुधा सहन करतात, पण तिचे कोवळे फुटवे उणे एक-दोन अंशांतच करपतात. ऑक्टोबरमध्ये छाटलेली वेल डिसेंबर-जानेवारीत पूर्ण पानांवर आणि कोवळ्या घडांवर असते. ऱ्हाइनकाठी जी थंडी वेलीला शिवतही नाही, ती येथे एका रात्रीत हंगाम संपवू शकते. थंडी सोसणारी जात आणून हा प्रश्न सुटत नाही, कारण तिची सहनशक्ती झोपेतली आहे आणि येथे तिला झोप मिळत नाही.

नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या शेतकऱ्यांना या संकटाची सौम्य आवृत्ती ठाऊक आहे. पारा चार-पाच अंशांखाली उतरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवल्या जातात आणि ठिबकने पाणी दिले जाते. दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या फरकामुळे खाण्याच्या पांढऱ्या द्राक्षांत ‘पिंक बेरी’ ही विकृती येते. तोच फरक काळ्या वाइन द्राक्षाच्या सालीत रंग भरतो, ही यातील गमतीची बाजू.

सातपुड्यात द्राक्ष घ्यायचेच झाले तर जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी वेगळ्या निवडाव्या लागतील. थंड हवा जड असल्याने ती रात्री उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. दव गोठते ते अशा खोलगट जागी आणि सपाट पठारावर. त्यांच्या वरच्या बाजूचा मोकळा उतार त्या मानाने उबदार राहतो आणि तेथे पाण्याचा निचराही होतो. छाटणी जानेवारीच्या अखेरीस केली तर फुटवे दव गोठण्याच्या रात्रींतून सुटतात. मग १२० ते १३० दिवसांत तयार होणारे फळ मे अखेरीस किंवा जूनच्या प्रारंभी हाती येईल. येथे लवकर पिकणारी थंड प्रदेशातील जात खऱ्या अर्थाने उपयोगाची ठरू शकते, कारण पावसाळा तोंडावर असतो आणि एकेक दिवस मोलाचा असतो. मात्र मे महिन्यातील वळवाचा पाऊस आणि गारपीट यांची टांगती तलवार डोक्यावर राहते. शिवाय फळछाटणी पुढे गेली की खरड छाटणीही पुढे जाते आणि सूक्ष्म घडनिर्मितीचा काळ ढगाळ पावसाळ्यात सापडतो. त्या काळात सूर्यप्रकाश कमी पडला तर पुढील वर्षी घड कमी लागतात. एक अडचण टाळावी तर दुसरी उभी राहते, असे हे गणित आहे.

यात सर्वाधिक धोका पत्करायचा आहे तो सातपुड्यातील शेतकऱ्याने. हा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्र आहे. पुष्कळ कुटुंबांकडे वनहक्क कायद्याखाली मिळालेले लहान क्षेत्र आहे आणि त्यावर ज्वारी, मका, भगर यांसारखी घरच्या अन्नाची पिके आहेत. स्ट्रॉबेरीची रोपे ऑक्टोबरच्या सुमारास लावली की त्याच हिवाळ्यात फळ मिळते आणि ते रस्त्याच्या कडेला पर्यटकांना विकता येते. न विकलेले फळ घरची मुले खातात. वाइन द्राक्षाचे पहिले पुरेसे पीक तिसऱ्या वर्षी येते, ते घरात खाण्याजोगे नसते आणि काढल्यावर काही तासांत त्याला वाइनरी गाठावी लागते. तोरणमाळहून शहाद्याकडे उतरणारा घाटरस्ता आणि पुढे नाशिकपर्यंतचे अंतर पाहता पहाटे काढलेले फळ दुपारच्या उन्हात प्रवास करणार, हे उघड आहे. शीतवाहन नसेल तर उंचीवर मिळवलेला गारवा वाटेतच संपतो.

सातपुड्याला आंबवलेल्या पेयाची ओळख वाइनमुळे होणार आहे, असेही नाही. मोहाची फुले वेचणे, वाळवणे आणि त्यांपासून दारू गाळणे ही भिल्ल व पावरा समाजांत पूर्वापार चालत आलेली गोष्ट आहे आणि तिच्या बऱ्यावाईट परिणामांची जाणीवही त्या समाजांत आहे. मोहाच्या झाडाला मांडव लागत नाही आणि औषध फवारावे लागत नाही.

यामुळे सातपुड्यातील द्राक्ष हा तूर्त प्रायोगिक लागवडीचा विषय ठरतो. अशा प्रयोगाला एकरभर बागेची गरज नसते. वेगवेगळ्या उंचीच्या उतारांवर चार-पाच जातींच्या एकेक ओळी, प्रत्येक ओळीजवळ किमान तापमानाची रोजची नोंद, जानेवारीतील गोठणाऱ्या रात्रींची मोजणी आणि काढणीच्या वेळी रसातील साखर व आम्ल यांचे मापन, एवढे सलग तीन हंगाम केले तरी उपयोगी माहिती मिळते. हा खर्च संशोधन संस्थेने किंवा वाइनरीने उचलावा आणि जमिनीचे भाडे शेतकऱ्याला द्यावे, ही रीत न्याय्य होय. एआरआय-५१६ सारखी रसासाठीही चालणारी जात त्या ओळींत असल्यास वाइनरीने पाठ फिरवली तरी फळ वाया जात नाही.